बरोबर असण्याचा माज

चुकीचं असून माज करणाऱ्या माणसांचा मला फारसा त्रास होत नाही. आज ना उद्या ती उघडी पडतात. मला धास्ती वाटते ती बरोबर असणाऱ्या, आणि आपण बरोबर आहोत यावर मनापासून खूश असणाऱ्या माणसांची. पहाटे उठणारी, नेमाने व्यायाम करणारी, कधी कर्ज न काढलेली, मुलांना मोबाइलपासून लांब ठेवणारी, भरपूर वाचलेली, प्रत्येक वादात योग्य बाजूला उभी असलेली माणसं. यातलं काहीच वाईट नाही. पण हे सगळं करता करता कधीतरी ओठाचा एक कोपरा किंचित वर जायला लागतो, आणि तिथून पुढे समोरचा माणूस त्यांना दिसेनासा होतो. दिसते ती फक्त त्याची चूक.

हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

आधी एक स्पष्ट करते. स्वतःच्या कामाचा अभिमान असणाऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये. मैफल रंगली म्हणून गायिका खूश असेल, अवघड ऑपरेशन पार पडलं म्हणून डॉक्टर दोन दिवस हवेत असतील, तर मला त्यात आनंदच आहे. त्यांना उद्या पुन्हा रियाजाला बसायचंय, पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायचंय. मी म्हणतेय तो माणूस कुठेतरी पोचलाय, तिथेच ठाण मांडून बसलाय आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला गुण देतोय. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

आमच्या नात्यातल्या एका दादाचा व्यवसाय बंद पडला. काही वर्षं त्याने त्यात जीव ओतला होता. शेवटी सगळ्यांची देणी भागवली आणि शटर ओढलं. बातमी कळल्यावर एक काका भेटायला आले. खुर्चीत बसले, पाय पुढे पसरले, पाण्याचा ग्लास अर्धा पिऊन खाली ठेवला आणि म्हणाले, "मी तुला तेव्हाच म्हटलं होतं." दादा मान खाली घालून "हो काका" म्हणाला. मी तिथेच होते. आणि त्याने व्यवसाय सुरू करायचं ठरवलं त्या दिवशीही मी तिथेच होते. तेव्हा काका म्हणाले होते, "कर बिनधास्त, हेच वय असतं धडपडायचं."

काका खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. आपण सावध केलं होतं, असंच त्यांना खरोखर आठवत होतं. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी हाच प्रकार १९७५ मध्ये दाखवून दिला होता. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यांवर गेले. ते निघण्याआधी काही विद्यार्थ्यांना विचारलं होतं की या दौऱ्यांत अमुक घडेल, तमुक घडेल याची शक्यता किती वाटते. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही काय आकडे दिले होते ते आठवून सांगा. जे प्रत्यक्षात घडलं होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं बहुतेकांना आठवलं. स्मरणशक्तीच आपल्या बाजूने साक्ष फिरवते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

त्या दिवशी काकांचं वाक्य ऐकून वहिनी उठून आत गेली. दादाने पुढे काकांना काही विचारणंच सोडलं. त्याच्या एका जुन्या कराराचा घोळ निस्तरायचा राहिला होता, आणि काकांनी आयुष्यभर नेमकं तेच काम केलेलं. एक फोन केला असता तर अर्ध्या तासात वाट सापडली असती. तो फोन झाला नाही. मला यातलं नुकसान फार मोठं वाटतं. एकाकडे ज्ञान आहे, दुसऱ्याला त्याची गरज आहे, आणि मधला रस्ता एका वाक्याने बंद झाला. त्या वाक्याची चव काकांच्या तोंडात मिनिटभर तरी टिकली असेल का?

आता कुणी म्हणेल, असतात असे काका, आपण तसे नाही. हे "आपण तसे नाही" म्हणणं बहुतेकांचंच असतं. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन यांनी अमेरिका आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, या गटातल्या इतर वाहनचालकांच्या तुलनेत तुम्ही किती कौशल्याने गाडी चालवता? अमेरिकन गटातल्या ९३ टक्के जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं, स्वीडिश गटातल्या ६९ टक्के जणांनी. वरच्या अर्ध्यात अर्धीच माणसं मावतात.

याच्याही पुढची गोष्ट एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी २००२ मध्ये मांडली. स्वतःला सरासरीपेक्षा चांगलं समजण्याची सवय माणसाला असते, हे त्यांनी लोकांना आधी नीट समजावून सांगितलं आणि मग विचारलं, की तुम्ही स्वतःबद्दल मघाशी जे सांगितलंत त्यात असं काही झालं असेल का? बहुतेकांचं उत्तर होतं, छे, आम्ही सांगितलं ते अगदी बरोबर आहे. काहींना तर आपण जरा विनयच दाखवला असं वाटलं. सवय मान्य, ती इतरांना असते हेही मान्य, मी तेवढा सुटलो.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांच्या संशोधनाचं काय झालं ते बघा. १९९९ मध्ये त्यांनी विनोद, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या घेतल्या. सगळ्यात तळाच्या पाव भागातले लोक प्रत्यक्षात शंभर पायऱ्यांत खालून साधारण बाराव्या पायरीवर होते आणि स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. या निष्कर्षाचा अर्थ कसा लावायचा, त्यातला किती भाग निव्वळ आकडेवारीचा खेळ आहे, यावर अभ्यासकांमध्ये आजही वाद आहेत. पण इंटरनेटवर या दोन नावांचा उपयोग एकच. समोरच्याला मूर्ख म्हणायचं, तेही विज्ञानाचा शिक्का मारून. मूळ निबंधातच असंही होतं की तळाच्या लोकांना तर्काचं थोडं शिक्षण दिल्यावर त्यांना स्वतःचा अंदाज जास्त नीट येऊ लागला. म्हणजे शिकवा, माणूस सुधारतो. हा भाग कुणी कुणाच्या तोंडावर फेकलेला मी पाहिलेला नाही. त्याने कुणाची जिरत नाही ना!

पण हे सगळं चाचण्यांपुरतं. या वृत्तीने माणसं कशी मरतात हे पाहायचं असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएन्नाला जावं लागतं. ही गोष्ट अनेकांना माहीत असेल, तरी मी सविस्तर सांगणार आहे, कारण ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करायचे, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने दहाच्या आसपास टक्के बायका दगावायच्या, दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडायच्या. काहीजणी वाटेतच बाळंत झालेलं बरं म्हणायच्या. म्हणजे ज्या वैद्यक शिकलेल्या नव्हत्या त्यांना जे दिसत होतं, ते विद्वानांना दिसत नव्हतं. विद्वानांची त्यावर उत्तरं तयार होती, हवा दूषित आहे, बायकांची प्रकृतीच तशी.

इग्नाझ सेमेलवाइस तिथे सहायक डॉक्टर होते. मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी याकोब कोलेच्का वारले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांना जखम झाली होती, आणि त्यांच्या शरीरात आढळलेल्या खुणा बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारख्याच होत्या. सेमेलवाइसना उलगडा झाला. डॉक्टर शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे येत होते आणि मरण हातावर घेऊन येत होते. मे महिन्यात त्यांनी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं, जूनमध्ये ते दोन टक्क्यांच्या आसपास आलं. पुढच्या वर्षी दोन महिने तर असे गेले की त्या विभागात एकही बाई दगावली नाही.

एवढं डोळ्यांसमोर घडूनही मान्यवरांनी ते स्वीकारलं नाही. त्यांच्या काही शंका रास्त होत्या. जंतूंचा सिद्धांत तेव्हा पक्का झाला नव्हता, आणि सेमेलवाइसनीही आपलं सविस्तर लेखन १८६१ पर्यंत प्रसिद्ध केलं नाही. पण शंका असणं वेगळं आणि शंकेची गरजच न वाटणं वेगळं. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टरने १८४३ मध्येच लिहिलं होतं की बाळंतज्वर डॉक्टरांमार्फत पसरतो. त्यावर फिलाडेल्फियातले नामांकित प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांचा युक्तिवाद असा होता की डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छ असतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं. मेग्ज काही दुष्ट नव्हते. विद्वान होते, शिक्षक होते, आपल्या कामावर त्यांचं प्रेम होतं. पण "आम्ही चांगली माणसं आहोत" हे एकदा ठरल्यावर स्वतःच्या हातांकडे बघण्याचं कारणच उरलं नाही.

आणि आता ती दुसरी अर्धी गोष्ट. सेमेलवाइसही काही नरम बोलणारे नव्हते. पुढे युरोपातल्या बड्या प्रसूतितज्ज्ञांना त्यांनी खुली पत्रं लिहिली आणि सरळ खुनी म्हटलं. १८६५ मध्ये एका मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. मग हे आणि मेग्ज सारखेच का? दोघांनाही आपण शंभर टक्के बरोबर आहोत असंच वाटत होतं. मला तसं वाटत नाही. सेमेलवाइस स्वतःही शवविच्छेदन करून बाळंतिणींना तपासत होते. आपल्यामुळे किती बायका अकाली थडग्यात गेल्या हे देवालाच ठाऊक, अशा अर्थाचं त्यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. त्यांचं बरोबर असणं त्यांना झोपू देत नव्हतं. मेग्जना त्यांचं बरोबर असणं शांत झोप देत होतं. माझ्यासाठी सगळा फरक इथे आहे. ठाम असण्याला माझी हरकत नाही. ठाम असून सुखात असण्याला आहे.

संस्थांचंही असंच होतं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच फुटलं, सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री थंडीत रॉकेटचे सांधे घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या नीट काम करणार नाहीत असं इंजिनीयर कळकळून सांगत होते. चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवलं की यान गमावण्याची शक्यता इंजिनीयरांच्या मते साधारण शंभरात एक होती आणि व्यवस्थापनाच्या मते लाखात एक. मागची उड्डाणं सुखरूप झाली, हाच सुरक्षिततेचा पुरावा मानला गेला होता. "आजवर कुठे काय झालं?" हे वाक्य कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही घरात ऐकू येतं. मला ते ऐकलं की पोटात गोळा येतो.

चांगुलपणाच्या बाबतीत तर हे आणखी अवघड. बेनोआ मोनँ आणि डेल मिलर यांचा २००१ चा अभ्यास आहे. ज्यांना आधी बायकांबद्दलच्या पूर्वग्रहदूषित विधानांना नकार द्यायची संधी मिळाली, ते नंतर एका पुरुषी समजल्या जाणाऱ्या नोकरीसाठी पुरुषच योग्य, असं म्हणायला जास्त मोकळे झाले. म्हणजे आपण समतेच्या बाजूचे आहोत हे सिद्ध झालं, आता सूट घ्यायला हरकत नाही. मला हे वाचून आपल्या सोशल मीडियाची आठवण होते. योग्य गोष्टीवर योग्य पोस्ट टाकली, लाइक मोजले, मन तृप्त झालं. ज्याच्यासाठी पोस्ट टाकली त्याचं पुढे काय झालं हे विचारायला आपल्यापैकी किती जण परत जातात?

आणि आता ज्यावर मला खरा राग आहे तो भाग, आपली करमणूक.

ही वृत्ती आपल्याला आवडायला लागावी अशी सोय गेली कित्येक वर्षं केली जातेय. मालिकांमधला हुशार माणूस बघा. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं, तो इतरांचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही, माफी मागत नाही, आणि शेवटी दर वेळी तोच बरोबर ठरतो. लेखकाने ठरवलंय म्हणून ठरतो. खऱ्या आयुष्यात जे खरंच खोलवर जाणणारे लोक मला भेटलेत ते प्रश्न विचारतात, थांबतात, "बघून सांगतो" म्हणतात. पडद्यावर त्यांना जागा नाही, कारण "बघून सांगतो" या वाक्यावर टाळी पडत नाही.

टॅलेंट शोमधले परीक्षक घ्या. कुणीतरी थरथरत येतं, बेसूर गातं, आणि कॅमेरा आधी परीक्षकांच्या एकमेकांकडे टाकलेल्या नजरेवर जातो, मग त्या हसण्यावर. मोठ्या कार्यक्रमांमध्ये परीक्षकांसमोर येण्याआधी निर्मात्यांकडून चाळण्या झालेल्या असतात. म्हणजे तो बेसूर गाणारा तिथे चुकून पोचलेला नसतो, त्याला पोचवलेलं असतं. माणसाचं स्वप्न आणलं, उजेडात उभं केलं आणि आपल्याला घरबसल्या त्याच्याहून वरचढ वाटायची सोय करून दिली. दुसऱ्याच्या उणिवेशी स्वतःची तुलना करून अचानक जो मोठेपणा वाटतो त्यातून हसू फुटतं, असं इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये लिहिलं होतं. सगळं हसू असं असतं असं मी म्हणणार नाही. पण या कार्यक्रमांमधलं नक्की असतं.

आणि त्या क्लिप. अमक्याने तमक्याची बोलती बंद केली, धुव्वा उडवला, सालटी काढली. पाच मिनिटांच्या वादातले वीस सेकंद कापून घ्यायचे, शेवटी चेहरा स्थिर करायचा, ओठाचा एक कोपरा वर, खाली संगीत. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९८६ मध्ये दाखवलं होतं की ओठाचा एकच कोपरा असा आवळून वर जातो तेव्हा वेगवेगळ्या देशांतले लोक त्यात तुच्छता ओळखतात. तोच चेहरा पुढे इमोजी म्हणून फोनमध्ये आला आणि आता आपण तो दिवसभर पाठवतो, नवऱ्याला, बायकोला, मुलांना. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन अनेक वर्षं जोडप्यांची भांडणं रेकॉर्ड करून अभ्यासत होते. नातं तुटण्याचा सगळ्यात मोठा इशारा त्यांना आरडाओरड्यात सापडला नाही, तो सापडला तुच्छतेत. डोळे फिरवणं, टोमणा, ते हसू. दोघांतलं एक कुणीतरी वर जाऊन बसलं की खालच्याला बोलण्यात अर्थ वाटत नाही.

मला मुलांची जास्त काळजी वाटते. अकरा-बारा वर्षांची मुलं आता वाद घालताना त्या क्लिपमधल्या माणसांसारखे हात बांधून मागे रेलतात. समोरच्याचं संपायच्या आत "बस्स, झालं का?" म्हणतात. माझ्या भाचीला मी परवा विचारलं, तुझ्या मैत्रिणीचं नेमकं म्हणणं काय होतं? ती म्हणाली, "मावशी, ते महत्त्वाचं नाहीये, मी जिंकले." ती गोड मुलगी आहे, मैत्रिणीसाठी जीव टाकते. पण जिंकणं म्हणजे समोरचा गप्प होणं, हे तिला कुणीतरी शिकवलंय. ते घरात कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून जे लोक कार्यक्रम बनवतात, लिहितात, वादसभा भरवतात, त्यांच्यापैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल तर माझी अगदी मनापासून मागणी आहे. एक तरी असा हुशार माणूस लिहा जो अर्ध्यावर चुकतो, समोरच्या साध्या माणसाकडून दुरुस्त होतो, आणि तरी आम्हाला तो हुशारच वाटतो. परीक्षकाला बेसूर मुलापाशी उठून जाऊ द्या, सूर कुठे निसटला ते त्याला गाऊन दाखवू द्या, आणि ते प्रक्षेपित करा. वादाच्या कार्यक्रमात कुणी "हे मला माहीत नव्हतं, पुन्हा सांगा" म्हणालं तर ते वाक्य एडिटिंगमध्ये कापू नका. त्याच वाक्याची क्लिप करा. मी शेअर करेन, आणि भाचीला शेजारी बसवून दाखवेन.